कॉपी कशातून पटकन होते, टर्मिनल की फाइल मॅनेजर? स्वतः नीट मोजून बघायची पद्धत

"टर्मिनलमधून कॉपी कर, लय फास्ट होते" हे वाक्य कॉम्प्युटरवाल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं, आणि त्याच्या उलट सांगणारेही भेटतात की मी सीपी (टर्मिनलमधली कॉपीची कमांड) मारून बघितलं, काही फरक पडला नाही, उलट फाइल मॅनेजरच्या विंडोतून लवकर झालं. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. दोघांनी वेगवेगळ्या फाइली, वेगवेगळ्या डिस्कवर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेगवेगळ्या क्षणी घड्याळ थांबवून मोजलेलं असतं. या लेखात मुख्य भर त्या शेवटच्या गोष्टीवर आहे, कारण कॉपीचा स्पीड मोजताना नव्वद टक्के गोंधळ "कॉपी संपली" हे कधी म्हणायचं इथेच होतो.

आधी एक सांगून ठेवतो, खाली कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. उदाहरणं जास्त करून लिनक्सची आहेत कारण तिथे आतलं सगळं बघता येतं, पण विंडोज आणि मॅकवाल्यांसाठीही पुढे वेगळं लिहिलंय.

बार भरला म्हणजे कॉपी झाली असं नाही

तुम्ही पेनड्राइव्हवर एखादी मोठी फाइल टाकता, बार सुसाट पळतो, नव्याण्णव टक्के होतात आणि मग तिथेच दोन मिनिटं बसून राहतो. किंवा बार पूर्ण होतो, विंडो बंद होते, आणि इजेक्ट करायला गेलं की "अजून डेटा लिहिला जातोय, काढू नका" असा मेसेज येतो. माझी एकदा अशीच फसगत झाली, बार संपला म्हणून पेनड्राइव्ह उपटला आणि दुसऱ्या मशीनवर फाइलचं नाव दिसतंय, साइजही बरोबर दिसतेय, पण व्हिडिओ मधूनच फुटतोय. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

कारण साधं आहे. प्रोग्राम डेटा लिहितो तो थेट डिस्कवर जात नाही, आधी रॅममध्ये जातो, याला पेज कॅश म्हणतात, आणि तिथून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आपल्या सवडीने डिस्कवर उतरवत बसतो. लिनक्समध्ये डर्टी रेशो नावाची एक सेटिंग असते, तिची डिफॉल्ट किंमत २०, म्हणजे उपलब्ध रॅमच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साचू शकतो. आता हिशोब करा, १६ जीबी रॅम आहे, त्यातली १४ मोकळी आहे, तर जवळपास २.८ जीबी डेटा रॅममध्ये मावतो. ३ जीबीची फाइल एसएसडीवरून वाचून रॅममध्ये टाकायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात बार शेवटाला पोहोचतो. पण पेनड्राइव्ह सेकंदाला २० एमबी लिहिणारा असेल तर ती फाइल खरोखर उतरायला अडीच मिनिटांच्या वर लागणारच, मग तुम्ही सीपी वापरा नाहीतर विंडोत ओढून सोडा.

याचं एक मोठं उदाहरण विंडोजच्या इतिहासात आहे. व्हिस्टा आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररची, म्हणजे विंडोजच्या फाइल मॅनेजरची, कॉपी अशी बदलली की मोठ्या फाइली कॅश टाळून लिहायच्या. लोकांनी ओरड सुरू केली की व्हिस्टा एक्सपीपेक्षा स्लो आहे. मायक्रोसॉफ्टमधल्याच मार्क रसिनोविच यांनी २००८ मध्ये याचं सविस्तर स्पष्टीकरण लिहिलं होतं, एक्सपीमध्ये कॉपीची विंडो बंद व्हायची तेव्हा बराच डेटा अजून मेमरीतच असायचा, व्हिस्टामध्ये विंडो डेटा उतरेपर्यंत थांबायची, म्हणून लोकांना ती हळू वाटली. शेवटी सर्व्हिस पॅक १ मध्ये बहुतेक कॉपीसाठी पुन्हा कॅशवाली पद्धत आणली. म्हणजे मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीलाही लोकांच्या घड्याळापुढे नमावं लागलं, तर आपण मोजताना किती काळजी घ्यायला पाहिजे बघा.

पहिली पायरी: चाचणीच्या फाइली बनवा

दोन प्रकारचा डेटा लागतोच. एक मोठी फाइल आणि खूप साऱ्या बारीक फाइली. फक्त एकावर मोजून निष्कर्ष काढला तर तो अर्धवट असतो, कारण या दोन्हीमध्ये टूल्सचं वागणं पूर्ण वेगळं असतं.

मोठी फाइल:

हेड -सी ३जी /डेव्ह/युरँडम > मोठी.बिन

३ जीबीच का, तर फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसतच नाही, आणि तुमचा पेनड्राइव्ह कोणत्या फॉरमॅटचा निघेल सांगता येत नाही. आणि रँडम डेटा देणारं युरँडमच का, नुसती शून्यं देणारं डेव्ह-झीरो का नाही, कारण नुसत्या शून्यांची फाइल काही फाइल सिस्टिम कॉम्प्रेस करून चिमूटभर करतात आणि मग स्पीड भलताच चांगला दिसतो. एफॲलोकेट कमांडने बनवलेली फाइल तर अजून वाईट, तिच्यात जागा राखून ठेवलेली असते पण डेटा नसतोच, त्यामुळे वाचायला काही नाही आणि सीपी क्षणात मोकळा होतो.

बारीक फाइली, एका रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन:

हेड -सी १६३८४०००० /डेव्ह/युरँडम | स्प्लिट -बी ८१९२ -ए ५ -डी

याने ८ केबीच्या बरोबर २०,००० फाइली तयार होतात, सगळ्या मिळून जेमतेम १६४ एमबी. मोठ्या फाइलीच्या वीस पट कमी डेटा आहे, तरी हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करून बघा, कितीतरी वेळा हा छोटा ढीग मोठ्या फाइलीपेक्षा जास्त वेळ खातो. हे स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही.

विंडोजवर एफएसयूटिलने रिकामी फाइल बनवायच्या भानगडीत पडू नका, तिच्यातही खरा डेटा नसतो. एखादा तीन-चार जीबीचा व्हिडिओ आणि एखाद्या प्रोजेक्टचा सोर्स कोडचा फोल्डर घ्या, काम भागतं.

दुसरी पायरी: दरवेळी सुरुवात सारखी करा

एकदा कॉपी केली की सोर्स फाइल रॅममध्ये राहते, त्यामुळे दुसऱ्यांदा जे टूल वापराल ते आपोआप फास्ट दिसतं. लोक आधी विंडोतून कॉपी करतात, मग टर्मिनलमधून, आणि "बघ कसला फरक आहे" म्हणतात. फरक टूलचा नसतो, दुसऱ्या वेळी डिस्क वाचावीच लागली नाही एवढाच असतो.

लिनक्सवर प्रत्येक फेरीआधी हे दोन करा, पहिलं सिंक (रॅममधला न लिहिलेला डेटा डिस्कवर उतरवणारी कमांड), आणि मग रूट म्हणजे ॲडमिन होऊन

एको ३ > /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस

याने वाचनाचा कॅश रिकामा होतो, डेटाला काही धोका नाही, फक्त पुढचे काही सेकंद मशीन जरा जड वाटेल. क्रम महत्त्वाचा आहे, न लिहिलेला डेटा या कमांडने जात नाही, म्हणून सिंक आधी. विंडोजवर सिसइंटर्नल्सचं रॅममॅप नावाचं फुकट टूल आहे, त्याच्या एम्प्टी मेनूमधून स्टँडबाय लिस्ट रिकामी करता येते, नाहीतर सरळ रीस्टार्ट करून दोन-तीन मिनिटं थांबा. मॅकवर पर्ज कमांड आहे.

आणखी थोड्या गोष्टी. डेस्टिनेशनवरची आधीची कॉपी उडवा, नाहीतर ओव्हरराइट होणार आणि ते वेगळं काम आहे. एसएसडी असेल तर लागोपाठ मोठ्या फेऱ्या मारू नका, स्वस्त एसएसडीमध्ये सुरुवातीचा थोडा भाग वेगवान कॅश म्हणून वापरलेला असतो, तो भरला की स्पीड धाडकन खाली येतो आणि त्याचं खापर बिचाऱ्या शेवटच्या टूलवर फुटतं. म्हणून एक टूल तीनदा आणि मग दुसरं तीनदा असं न करता आलटून पालटून करा, सीपी, विंडो, सीपी, विंडो, आणि मधे दोन मिनिटं सोडा. फाइल इंडेक्स करणारी सर्व्हिस, म्हणजे लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवर बालू, मॅकवर स्पॉटलाइट, विंडोजवर सर्च, जमलं तर तेवढ्यापुरती थांबवा.

आणि हो, कट-पेस्ट करून मोजू नका. एकाच पार्टिशनवर फाइल हलवली की डेटा जागचा हलतच नाही, फक्त नाव आणि पत्ता बदलतो.

तिसरी पायरी: टर्मिनलची वेळ मोजा

नुसतं टाइम सीपी असं केलं तर रॅममध्ये टाकायला लागलेली वेळ मिळते. म्हणून सिंक सोबत जोडायचं:

टाइम (सीपी -ए मोठी.बिन /मीडिया/डिस्क/ && सिंक -एफ /मीडिया/डिस्क/)

कंस सोडू नका, कंसामुळेच दोन्ही कामांची मिळून वेळ येते. सिंकला -एफ दिलं की फक्त त्याच फाइल सिस्टिमचा डेटा उतरेपर्यंत थांबतो, बाकी डिस्कवर दुसरं काही लिहिलं जात असेल तर ते यात मिसळत नाही.

उत्तरात तीन ओळी येतात, रिअल, यूजर आणि सिस. घड्याळाची वेळ म्हणजे रिअल, बाकी दोन म्हणजे सीपीयूने किती घाम गाळला ते. इथे थांबून नीट बघा कारण खरी माहिती इथे आहे. मोठ्या फाइलीला रिअल भरपूर आणि यूजर जवळपास शून्य दिसेल, म्हणजे प्रोग्राम फक्त डिस्कची वाट बघत बसला होता, आणि जिथे वाटच बघायची आहे तिथे कोणतंही टूल दुसऱ्यापेक्षा फास्ट असू शकत नाही. आता हेच आरसिंकने (दोन फोल्डर सारखे करणारी कॉपीची कमांड) करून बघा, यूजरचा आकडा एकदम वर गेलेला दिसेल, कारण आरसिंक कॉपी करता करता चेकसमही (डेटा तोच आहे का हे ओळखायचा हिशोबी आकडा) काढत असतो आणि वाचणारी प्रोसेस वेगळी, लिहिणारी वेगळी, त्यांच्यात डेटा इकडून तिकडे पाठवावा लागतो.

आरसिंकबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की तो "फक्त बदललेला भाग कॉपी करतो म्हणून फास्ट". १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी तो आणला तो नेटवर्कसाठी, आणि ती युक्ती नेटवर्कवरच डिफॉल्टने चालू असते. एकाच मशीनवर एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर करताना तो बदललेली फाइल पूर्णच कॉपी करतो. त्यामुळे पहिल्यांदा सगळं कॉपी करायचं असेल तर साधा सीपी बहुतेक वेळा आरसिंकच्या बरोबरीने किंवा पुढेच असतो. आरसिंकची खरी कमाल दुसऱ्या वेळी दिसते, २०,००० पैकी १० फाइली बदलल्या असतील तर तो बाकीच्यांची फक्त साइज आणि तारीख बघून पुढे जातो.

डीडी या ब्लॉक-ब्लॉकने डेटा उतरवणाऱ्या कमांडने कॉपी फास्ट होते असंही काहीजण सांगतात. डीडीचा डिफॉल्ट ब्लॉक ५१२ बाइटचा आहे, तसाच वापरला तर तो सीपीपेक्षा कितीतरी हळू चालतो. ब्लॉक साइज ४ एमबी दिली की सीपीच्या आसपास येतो, बस. फाइल कॉपीसाठी त्याची काही गरज नाही, डिस्क इमेज लिहायला ठेवा.

चौथी पायरी: विंडोतल्या कॉपीची वेळ मोजा

हे जरा किचकट आहे कारण विंडोला टाइम लावता येत नाही. मी असं करतो, शेजारी एक टर्मिनल उघडून त्यात

वॉच -एन १ "ग्रेप -ई 'डर्टी|राइटबॅक' /प्रॉक/मेमइन्फो"

हे चालू ठेवतो (डर्टी आणि राइटबॅक यांची पहिली अक्षरं कॅपिटल), मोबाइलचं स्टॉपवॉच हातात घेतो, पेस्ट दाबतो आणि स्टॉपवॉच सुरू करतो. मग नजर बारवर नाही, डर्टीच्या आकड्यावर. सुरुवातीला तो आकडा भराभर वाढत लाखांमध्ये जातो, केबीमध्ये असतो म्हणून मोठा दिसतो. राइटबॅक म्हणजे आत्ता या क्षणी डिस्ककडे जात असलेला डेटा. बार संपतो, विंडो मिटते, फाइल मॅनेजर "झालं" म्हणतो, आणि इकडे डर्टी अजून पंचवीस लाखांवर असतो आणि दर सेकंदाला वीस-वीस हजाराने उतरत असतो, अगदी टाकीचा नळ उघडल्यासारखा. तो काही शे केबीवर आला आणि राइटबॅक शून्य झाला की स्टॉपवॉच थांबवा. ही खरी वेळ. एकदा हा आकडा उतरताना बघितला ना, की बारवरचा तुमचा विश्वास कायमचा उडेल.

यापेक्षाही बारीक बघायचं असेल तर एक छान सोय आहे जी फार लोकांना माहीत नसते. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर नॉटिलस कॉपीसाठी जीआयओ नावाची लायब्ररी वापरतो आणि तीच लायब्ररी जीआयओ कॉपी या कमांडने टर्मिनलमधून चालवता येते. केडीईच्या डॉल्फिनचं तसंच, केआयओ लायब्ररी आणि तिची केआयओक्लायंट कॉपी ही कमांड. म्हणजे एकाच मोठ्या फाइलीवर तीन वेळा मोजा, सीपी, जीआयओ कॉपी, आणि प्रत्यक्ष नॉटिलसची विंडो. सीपी आणि जीआयओ कॉपीमधला फरक हा लायब्ररीचा, आणि जीआयओ कॉपी आणि विंडोमधला फरक हा विंडोच्या नखऱ्यांचा. जीआयओ कॉपी फोल्डर घेत नाही, फाइलीच घेते, हे लक्षात असू द्या.

बारीक फाइलींमध्ये विंडो मागे का पडते

मोठ्या फाइलीत तुम्हाला बहुतेक काही फरक दिसणार नाही, किंवा मोजण्याच्या चुकीत हरवेल इतका दिसेल. खरी तफावत त्या २०,००० च्या ढिगात आहे.

एक फाइल कॉपी करायची म्हणजे नुसता डेटा हलवायचा असं नाही. सोर्स उघडायची, तिची माहिती वाचायची, डेस्टिनेशनला नवीन नाव नोंदवायचं, डेटा लिहायचा, परमिशन आणि तारीख लावायची, दोन्ही बंद करायच्या. ८ केबीच्या फाइलीत डेटा लिहिणं हा या सगळ्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. आणि हे २०,००० वेळा. फिरणाऱ्या हार्डडिस्कचं डोकं सेकंदाला साधारण शंभरच्या आसपासच वेगवेगळ्या जागी जाऊ शकतं, त्यामुळे सलग लिहिताना दीडशे एमबीच्या वर देणारी तीच डिस्क इथे एक-दोन एमबीवर येऊन कुंथते.

हे सगळं सीपीलाही चुकत नाही. पण विंडो त्यावर आणखी भर घालते. ती आधी सगळ्या फाइली मोजते, तेच ते "वेळेचा अंदाज काढत आहे" वालं. मग प्रत्येक फाइलीसाठी तिथे त्याच नावाची आहे का बघते, बार आणि उरलेली वेळ अपडेट करते. आणि डेस्टिनेशन फोल्डर समोर उघडा असेल तर नवीन आलेली प्रत्येक फाइल यादीत दाखवायची, तिचा प्रकार ओळखायचा, फोटो असेल तर थंबनेल बनवायचं, आणि थंबनेल बनवायला ती फाइल परत वाचायची, त्याच डिस्कवरून जिच्यावर आपण लिहितोय! म्हणून एक साधा उपाय, हजारो फोटो विंडोतून कॉपी करताना पेस्ट दाबलं की लगेच दुसऱ्या फोल्डरमध्ये निघून जा. मोजून बघा, पेस्ट करून तिथेच बसल्यावर किती आणि बाहेर पडल्यावर किती.

विंडोजवर यात अँटिव्हायरसचाही वाटा असतो, डिफेंडरचं रिअल टाइम संरक्षण प्रत्येक फाइल तपासतं. पण ते टर्मिनलमधल्या कॉपीलाही लागू आहे, त्यामुळे फक्त एक्सप्लोररला दोष देऊ नका. आणि स्पीडसाठी अँटिव्हायरस बंद करा असं मी सांगणार नाही.

विंडोजवाल्यांनी रोबोकॉपी शिकून घ्यावं

विंडोजवर तुलना करायची तर ती एक्सप्लोरर आणि रोबोकॉपी या कमांडची करा, कॉपी किंवा एक्सकॉपीची नाही. रोबोकॉपी व्हिस्टापासून विंडोजमध्येच येतं आणि विंडोज ७ पासून त्यात /एमटी आलं, म्हणजे एकाच वेळी अनेक फाइली कॉपी करणं, डिफॉल्ट ८ आणि १ ते १२८ पर्यंत काहीही देता येतं. बारीक फाइली एका एसएसडीवरून दुसऱ्या एसएसडीवर किंवा नेटवर्कवर टाकताना इथे खरोखर फरक पडतो, कारण एक फाइल वाट बघत असते तेव्हा बाकीच्या पुढे सरकतात. पण एकच मोठी फाइल असेल तर /एमटीचा काही उपयोग नाही, तो फाइलींची वाटणी करतो, एका फाइलीचे तुकडे करत नाही. आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर /एमटी:३२ देऊन बघा, डोकं इकडून तिकडे पळून उलट हळू होऊ शकतं.

रोबोकॉपी सोर्स डेस्टिनेशन /ई /एमटी:१६ /आर:१ /डब्ल्यू:१ /लॉग:कॉपी.टीएक्सटी

/आर आणि /डब्ल्यू विसरू नका, कारण डिफॉल्टने एखादी फाइल उघडली नाही तर रोबोकॉपी दहा लाख वेळा प्रयत्न करतो आणि दरवेळी ३० सेकंद थांबतो. बरेच लोक "रोबोकॉपी अडकतं" म्हणतात ते यामुळे. /लॉग यासाठी की प्रत्येक फाइलीचं नाव स्क्रीनवर छापण्यातही वेळ जातो. खूप मोठ्या फाइलींसाठी /जे आहे, त्याने कॅश टाळून लिहिलं जातं, म्हणजे मिळालेली वेळही खऱ्याच्या जवळची असते. /झेड मात्र गरज असल्याशिवाय लावू नका, मधेच तुटलं तर तिथून पुढे चालू करता येतं पण स्पीड कमी होतो. शेवटी रोबोकॉपी स्वतःच एक तक्ता देतो, किती फाइली, किती वेळ, सेकंदाला किती बाइट, त्यामुळे स्टॉपवॉचही लागत नाही.

आणि /एमआयआर. हा पर्याय डेस्टिनेशन अगदी सोर्ससारखं करतो, म्हणजे सोर्समध्ये नसलेलं डेस्टिनेशनमधून उडवतो. सोर्स आणि डेस्टिनेशनची अदलाबदल झाली तर गेलं सगळं. आधी /एल लावून चालवा, त्याने फक्त काय होईल याची यादी येते, प्रत्यक्षात काही होत नाही. स्पीड टेस्ट करायला तर /एमआयआर लागतच नाही.

विंडोजवर पेनड्राइव्हसाठी एक चांगली गोष्ट, विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हला डिफॉल्टने क्विक रिमूव्हल असतं, म्हणजे लिहिण्याचा कॅश वापरला जात नाही, त्यामुळे तिथला बार लिनक्सपेक्षा बराच प्रामाणिक असतो. लिनक्सवरून विंडोजवर आलेल्याला पेनड्राइव्ह हळू वाटतो त्याचं हेही एक कारण आहे, दोन्हीकडे तेवढाच वेळ लागत असतो.

शून्य सेकंदात झालेली कॉपी

कधी कधी ५० जीबीची फाइल डोळ्याची पापणी लवायच्या आत कॉपी होते आणि माणूस चक्रावतो. बीटीआरएफएस आणि एक्सएफएससारख्या फाइल सिस्टिमवर डेटा न हलवता दोन फाइलींना तेच ब्लॉक वाटून देता येतात, याला रीलिंक म्हणतात, नंतर एकीत बदल केला की तेवढाच भाग वेगळा होतो. जीएनयू कोअरयुटिल्सच्या ९.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, सीपी हे जमत असेल तिथे आपोआप करतो. आरसिंक करत नाही. त्यामुळे एकाच डिस्कवर सीपी आणि आरसिंकची तुलना केली तर सीपी हजार पट फास्ट दिसेल, आणि ती तुलना निरर्थक आहे कारण सीपीने कॉपी केलीच नाही. खरी कॉपी मोजायची असेल तर सीपीला --रीलिंक=नेव्हर द्या. मॅकवर एपीएफएस फाइल सिस्टिममध्ये फाइंडरही (मॅकचा फाइल मॅनेजर) एकाच व्हॉल्यूमवर असंच क्लोन करतो, आणि टर्मिनलमध्ये सीपी -सी. इथे विंडो टर्मिनलच्या बरोबरीची आहे हेही मान्य करायला हवं.

हे बॅकअप म्हणून मात्र धरू नका. दोन्ही फाइली त्याच ब्लॉकवर उभ्या आहेत, तो ब्लॉक खराब झाला की दोन्ही गेल्या.

केबल आणि पोर्ट

टूलवर वाद घालण्याआधी हे दोन मिनिटांत तपासून घ्या. यूएसबी २.० म्हणजे ४८० मेगाबिट, कागदावर सेकंदाला ६० एमबी, प्रत्यक्षात ३०-४० मिळाले तरी ठीक. तुमची बाहेरची एसएसडी नेमकी ३५ वर अडकली असेल तर ती चुकीच्या पोर्टला किंवा चुकीच्या केबलला आहे, कमांड बदलून काही होणार नाही. गिगाबिट नेटवर्क म्हणजे जास्तीत जास्त १२५ एमबी, हातात ११० च्या आसपास. साटा एसएसडी साडेपाचशेच्या जवळ थांबते. तुमचा आकडा यापैकी एखाद्याला चिकटलेला दिसला की समजायचं, भिंत ती आहे.

आणखी एक बारीक गोष्ट, विंडोज एमबी म्हणतं तेव्हा १०,४८,५७६ बाइट मोजतं आणि नॉटिलस बरोबर दहा लाख. म्हणजे दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवले तर जवळपास पाच टक्के फरक नुसत्या मोजमापाचा निघतो. म्हणून स्क्रीनवरचा स्पीड घेऊच नका, एकूण बाइट भागिले एकूण सेकंद हेच करा.

नेटवर्कवर बारीक फाइली

इथे टर्मिनलची बाजू खरंच भक्कम आहे. दुसऱ्या मशीनवर विंडोतून एसएफटीपीने (नेटवर्कवरून फाइली पाठवायची पद्धत) २०,००० फाइली पाठवायच्या तर प्रत्येक फाइलीसाठी विचारणा-उत्तर, विचारणा-उत्तर असं चालतं आणि प्रत्येक फेरीत नेटवर्कचा थोडा थोडा उशीर जमा होतो. टार कमांडने सगळ्या फाइली एका प्रवाहात बांधून एसएसएचमधून (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) पाठवल्या आणि पलीकडे सोडल्या की हा उशीर जवळजवळ जातोच. आरसिंकही अशाच पद्धतीने सलग पाठवतो. हे एकदा करून बघितलेला माणूस परत विंडोतून ओढत नाही.

मग कधी काय वापरायचं

एक-दोन मोठ्या फाइली असतील तर विंडो बिनधास्त वापरा, स्पीड तोच मिळतो आणि बार दिसतो, कॅन्सल करता येतं. हजारो बारीक फाइली पहिल्यांदा कॉपी करायच्या तर लिनक्सवर सीपी -ए आणि विंडोजवर रोबोकॉपी /एमटी. तोच फोल्डर परत परत कॉपी होणार असेल, किंवा मधे वीज जाण्याची, केबल निघण्याची शक्यता असेल, तर आरसिंक, पहिल्या वेळी थोडा हळू असला तरीही, कारण अर्ध्यावर तुटलेली विंडोतली कॉपी परत सुरू करताना "रिप्लेस की स्किप" विचारलं जातं आणि स्किप म्हटलं तर तुटलेली अर्धी फाइल तशीच राहून जाते. आरसिंक आधी तात्पुरत्या नावाने लिहितो आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतो, म्हणून अर्धी फाइल पूर्ण फाइलच्या नावाने बसलेली सापडत नाही. बार पाहिजे असेल तर --इन्फो=प्रोग्रेस२ लावा, पूर्ण कामाची मिळून एकच टक्केवारी दिसते. मॅकवर हे चाललं नाही तर तिथला आरसिंक जुना आहे, वर्षानुवर्षं मॅकसोबत २००६ सालची २.६.९ हीच आवृत्ती येत होती, नवीन वेगळी टाकून घ्या. आणि सोर्सच्या नावामागच्या स्लॅशकडे लक्ष द्या, फोटो/ लिहिलं तर फोल्डरच्या आतलं जातं, फोटो लिहिलं तर फोल्डरसकट जातं.

शेवटची पायरी: सोर्स उडवण्याआधी

कितीही फास्ट झाली तरी कॉपी बरोबर झाली का हे सीपीही सांगत नाही, रोबोकॉपीही नाही आणि साधी विंडोही नाही. रोबोकॉपीचा एक्झिट कोड (काम संपल्यावर तो देतो तो आकडा) ८ किंवा जास्त आला तर काहीतरी राहिलंय, १ आला तर घाबरू नका, फाइली कॉपी झाल्या असा त्याचा अर्थ आहे. पण बाइट न् बाइट तपासायचं असेल तर बाहेरची डिस्क नीट इजेक्ट करून परत लावा, जेणेकरून तपासणी रॅममधल्या प्रतीची न होता डिस्कवरच्या प्रतीची होईल, आणि मग

आरसिंक -एएनसीव्ही सोर्स/ डेस्टिनेशन/

यातलं एन म्हणजे प्रत्यक्षात काही करू नको, आणि सी म्हणजे तारखेवर जाऊ नको, दोन्हीकडची पूर्ण फाइल वाचून चेकसम बघ. वेळ लागतो, जवळपास परत कॉपी केल्याएवढा, तेवढा द्या. यादीत एकाही फाइलीचं नाव आलं नाही की मग सोर्स उडवायला हरकत नाही.